ट्रेकवरून आल्यावर चित्र का निघत नाही? सह्याद्री, पाऊस आणि जलरंग

आधी प्रश्नाचा गोषवारा, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. विचारणारे ठाण्यात राहतात, नोकरी करतात, चार वर्षं जलरंगाचा सराव आहे आणि पावसाळ्यात महिन्यातून एक-दोन गड होतात. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यापाशी उभं राहिलं की अंगावर काटा येतो, पण घरी येऊन फोटोवरून तेच रंगवलं की कॅलेंडरवरचं चित्र होतं. जागेवर रंगवायला बसावं तर कागद वाळत नाही आणि दहा मिनिटांत धुकं सगळं गिळतं. मोठे चित्रकार ‘निसर्गातून प्रेरणा मिळाली’ म्हणतात, म्हणजे नक्की काय करतात? आणि शेवटचा प्रश्न: पैसे साठवून एकदा लडाखला जाऊन यावं का, तिथे तरी काही सुचेल?

अडचण प्रेरणेची नाही. काटा येतोय ना, मग तेवढं काम झालेलं आहे. गोची पुढे आहे. गडावरून तुम्ही देखावा घेऊन येता, पण चित्राला लागणारे निर्णय तिथेच सोडून येता. समोरच्या पसाऱ्यातलं काय घ्यायचं, सर्वात उजळ काय, सर्वात गडद काय, कोणती कड धारदार ठेवायची आणि कोणती विरू द्यायची, हे सगळं जागेवर डोळ्यांना दिसत असतं. घरी फोनच्या पडद्यावर ते दिसत नाही, म्हणून तिथे तुम्ही फोटोने घेतलेले निर्णय निमूटपणे नकलून काढता. फोटोचे निर्णय चित्रासाठी बहुतेक वेळा चुकीचे असतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तीस जणांच्या ग्रुपबरोबर जाणाऱ्याला माथ्यावर वीस मिनिटं मिळतात. दोघं-तिघं मुक्कामाला गेलात तर संध्याकाळ आणि पहाट दोन्ही हाताशी असतात. तैलरंगवाल्याचं सामान आणि वाळवण्याची कटकट वेगळी, पेस्टलवाल्याची वेगळी. मी इथे जलरंग आणि पावसाळी सह्याद्री एवढंच धरून लिहितोय, कारण प्रश्न तोच आहे. पूर्ण अमूर्त काम करणाऱ्यांनी यातला घरच्या कामाचा भाग घ्यावा, बाकी सोडून द्यावा.

आधी फोटो. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतकं रुंद दृश्य घेतो. त्यात पायाजवळचा दगड उगाच मोठा होतो आणि ज्याने तुम्हाला घाबरवलं तो समोरचा कडा आक्रसतो. डोळ्याला वाटणारं प्रमाण ५० मिलिमीटरच्या आसपास मिळतं, म्हणून फोटो काढायचाच तर दुप्पट झूम लावून काढा. दुसरं, फोन स्वतःहून सावल्या उजळवतो, आभाळ गडद करतो आणि हिरवा भडकवतो. पावसाळी दिवशी आभाळ ही सर्वात उजळ गोष्ट असते आणि बाकी सगळं तिच्याखाली मोजक्या करड्या टोनमध्ये, म्हणजे उजळ-गडदपणाच्या पायऱ्यांमध्ये, बसलेलं असतं. कॅमेरा ते सगळं ताणून ‘छान’ करून देतो. धबधब्याचं उदाहरण घ्या. ढगाळ दिवशी धबधबा जवळजवळ नेहमी आभाळापेक्षा एक टोन गडद असतो. फोटोत तो पांढराशुभ्र येतो, तुम्ही तो कोऱ्या कागदाइतका पांढरा सोडता, आणि त्या एका रेघेमुळे सगळं ओलं वातावरण मरतं. कॅलेंडर इथूनच सुरू होतं.

जे जुने लोक रानावनांतून चित्रं घेऊन आले त्यांच्याकडे या दृष्टीने पाहा. अमेरिकन चित्रकार थॉमस मोरान १८७१ साली हेडनच्या सरकारी सर्वेक्षण तुकडीबरोबर अमेरिकेतल्या यलोस्टोनला गेला. बरोबर विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार होता, म्हणजे फोटोंची सोय होती. तरी मोरानने जागेवर छोटी जलरंग चित्रं केली आणि पेन्सिलच्या रेखाटनांवर कोणता रंग कुठे ते शब्दांत लिहून आणलं. नंतर स्टुडिओत त्यावरून तिथल्या दरीचं साधारण ७ फूट उंच आणि १२ फूट रुंद तैलचित्र उभं केलं. १८७२ साली अमेरिकन संसदेने ते १०,००० डॉलरना विकत घेतलं. गंमत अशी की त्या चित्रातलं सगळं एका जागेवरून दिसतच नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहिलेले भाग त्याने जाणूनबुजून एकत्र आणले, कारण त्याला नकाशा नको होता, दरीत उभं राहिल्यावरचा परिणाम हवा होता. इंग्लिश चित्रकार टर्नरचंही तसंच. प्रवासात बहुतेक पेन्सिलच्या भराभर नोंदी, रंग मागाहून. ‘प्रेरणा’ या शब्दामागे एवढी साधी हमाली असते: जागेवर नोंदी, घरी बांधणी.

म्हणून पहिला सल्ला: पावसाळ्यात गडावर पूर्ण चित्र करायचा हट्ट सोडा. तिथे कच्चा माल गोळा करा.

चाळीस मिनिटं हातात आहेत असं धरू. पहिली पाच मिनिटं नुसतं बघायचं आणि वहीत एकच वाक्य लिहायचं: मला इथे नक्की काय धरून ठेवतंय? ‘सुंदर दृश्य’ चालणार नाही. ‘कडा खाली जाताना आत वळतो आणि तळ दिसत नाही’ हे चालेल. ‘धुक्यातून फक्त मधला पट्टा दिसतो, माथा आणि पाया दोन्ही गायब’ हेही चालेल. पुढे चित्रात काय ठेवायचं आणि काय उडवायचं याचा निवाडा हेच वाक्य करतं. ते लिहिलं नसेल तर घरी सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि सगळंच कागदावर येतं.

मग दहा मिनिटं थंबनेल. साधारण ४ बाय ६ सेंटिमीटरच्या चार चौकटी, ४बी पेन्सिल, फक्त तीन टोन: कोरा कागद, मधला करडा, गडद. झाडं, दगड, माणसं अशी नावं विसरायची, नुसते आकार बघायचे. जाड कागदात तुमच्या चित्राच्या प्रमाणातली खिडकी कापून नेली तर मांडणी झटकन ठरते. चारपैकी एक चौकट उभी असू द्या. कड्याची उंची आडव्या कागदात कोंबणं ही आपल्याकडची नेहमीची चूक आहे. आडव्या चौकटीत कडा भिंत होतो, उभ्या चौकटीत तो खोल कोसळतो.

नंतर दहा-बारा मिनिटं रंगांच्या नोंदी. चित्र नाही, फक्त दोन-दोन सेंटिमीटरचे ठिपके. जवळचं गवत, मधलं रान, लांबची रांग, ओला कातळ, कोरडा कातळ, आभाळ वरचं, आभाळ क्षितिजाजवळचं. प्रत्येकाखाली कशात काय मिसळलं ते दोन अक्षरांत लिहायचं. हे सात-आठ ठिपके पन्नास फोटोंपेक्षा उपयोगी पडतात, कारण ते तुमच्याच रंगांत आणि तुमच्याच कागदावर आहेत. उरलेल्या वेळात एकाच तपशिलाचं नीट रेखाटन: कातळाची एक भेग, एक वाकलेलं झाड, पाणी उतरते ती घळ. फोटो सर्वात शेवटी. आधी काढले की डोळा सुस्तावतो, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

आता डोंगराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या मते निम्मी चित्रं इथेच फसतात. आपण लहानपणी दोन त्रिकोण आणि मधून उगवणारा सूर्य काढायला शिकतो, आणि तो त्रिकोण हातातून जात नाही. सह्याद्रीचा डोंगर मुळात पायऱ्यांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाचे थर एकावर एक पसरले. त्यातला टणक, घट्ट थर उभा कडा देतो, भुसभुशीत थर झिजून उतार होतो आणि त्यावर माती धरून झाडी वाढते. म्हणून कडा, पदर, कडा, पदर असा क्रम दिसतो. या खडकांना भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरीच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. चित्रात याचा अर्थ काय? कड्याच्या मधून जाणारे हिरवे पट्टे जवळजवळ आडवे आहेत आणि एकाच उंचीवर शेजारच्या डोंगरातही सापडतात. ते तिरके किंवा मनाला येतील तसे टाकले तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण डोंगर खोटा वाटेल. उभ्या कड्यावर ब्रश वरून खाली ओढायचा, पदरावर आडवा. एवढ्या एका शिस्तीने चित्र सह्याद्रीचं होतं. हिमालयात थर वळलेले, मोडलेले, तिरके, म्हणून तिथला हात वेगळा.

कातळाचा रंगही तपासून घ्या. कोरडा बेसाल्ट तपकिरी करडा, ओला झाला की निळसर काळा. दोन्ही अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणातून निघतात, पहिल्यात सिएना जास्त, दुसऱ्यात निळा जास्त. ट्यूबमधला काळा वापरू नका, तो कागदाला भोक पाडल्यासारखा दिसतो. ओल्या कातळावर आभाळाचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे आभाळाकडे तोंड करून असलेला ओला दगड अचानक फिका दिसतो. तो डाग आधीच राखून ठेवावा लागतो. कास, आंबोली किंवा कोकणातल्या सड्यांवर मात्र जांभा दगड आहे. तिथे लाइट रेड, यलो ऑकर आणि चिमूटभर अल्ट्रामरीन. बेसाल्टची सवय जांभ्यावर चालवली तर सडा डांबरी रस्त्यासारखा होतो.

जागेचा विचार करताना मला अकराव्या शतकातला चिनी चित्रकार ग्वो शी फार कामाचा वाटतो. त्याचं ‘सुरुवातीचा वसंत’ या अर्थाच्या नावाचं डोंगरचित्र १०७२ सालचं. डोंगर पाहण्याची तीन अंतरं त्याने सांगितली. पायथ्यापासून माथ्याकडे वर बघणं हे उंच अंतर, पुढच्या डोंगरावरून मागच्या पोटात डोकावणं हे खोल अंतर, आणि जवळच्या डोंगरावरून लांबच्या डोंगरांकडे सरळ बघणं हे सपाट अंतर. रंगही वेगळे सांगितले: उंच अंतर स्वच्छ उजळ, खोल अंतर जड आणि अंधारं, सपाट अंतरात दोन्ही मिसळलेलं. हरिश्चंद्रगड यासाठी जणू तयारच आहे. पायथ्याच्या बेलपाड्याहून कोकणकड्याकडे वर बघा, नळीच्या वाटेच्या घळीत डोकवा, तारामती शिखरावरून लांबच्या रांगा बघा. एकाच गडाची तीन चित्रं, तीन वेगळ्या टोनयोजना. तुमचा काटा कोणत्या अंतराचा आहे ते ठरवा. तो खोल अंतराचा असेल आणि तुम्ही सपाट अंतराचं चित्र काढत असाल, तर चित्र कितीही नीटनेटकं झालं तरी तुम्हाला ते आपलं वाटणार नाही. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे हेही ध्यानात ठेवा: सकाळी सगळा कडा एकाच सपाट सावलीत, तपशील ऊन कललं की उघडतो.

हिरव्याचं सांगतो, कारण जुलैत नव्वद टक्के कागद हिरवा असतो. सॅप ग्रीन थेट ट्यूबमधून लावू नका, सगळीकडे एकच हिरवा होतो. तीनच हिरवे ठरवा. कोवळं गवत: लेमन यलो आणि थोडा सेरुलियन (आकाशी निळा). रान: गॅम्बोज (गडद पिवळा), तांदळाच्या दाण्याएवढा थॅलो ब्लू आणि बर्न्ट सिएना. थॅलो जास्त पडला तर पॅलेट धुण्यावाचून इलाज नाही, इतका तो जोरकस आहे. लांबची रांग: अल्ट्रामरीन, चिमूटभर यलो ऑकर, अगदी थोडा लाल, म्हणजे तिला हिरवं म्हणावं की निळं असा प्रश्न पडला पाहिजे. आणि कुठेतरी थोडा तांबूस किंवा करडा राहू द्या. पायवाटेची लाल माती, कातळ, वाळकी फांदी, काहीही. हिरव्याला उलट रंग मिळाला नाही तर डोळा थकतो. रंग घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचायची सवय लावा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो ब्लू म्हणजे पीबी १५. पीआर ८३ लिहिलेला अलिझरिन क्रिमसन उजेडात फिका पडतो, विकायच्या चित्रात तो नको. कॅम्लिनचे आर्टिस्ट ग्रेडचे रंग शिकताना पुरतात, फक्त स्टुडंट ग्रेड आणि आर्टिस्ट ग्रेड एकाच चित्रात मिसळू नका. पातळ केल्यावर दोन्हींची ताकद वेगळी निघते.

आता न वाळणारा कागद. पावसाळ्यात माथ्यावर हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या पुढे असते, तिथे पाणी उडणारच नाही. आपण अर्धवट ओल्या वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या पसरट हातावर, दुसरा हात देतो आणि फुलकोबीसारखे डाग उठतात. कारण साधं आहे: नंतरच्या ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असतं, ते आत घुसून आधीच्या रंगाचे कण बाजूला ढकलतं. म्हणून ओल्या हवेत नियम एकच. प्रत्येक पुढचा हात आधीच्यापेक्षा घट्ट. ब्रश पाण्यात बुडवला की कापडाला टेकवल्याशिवाय कागदावर न्यायचा नाही. थरावर थर द्यायची पद्धत तिथे विसरा, एकाच ओल्या वॉशमध्ये मागचं धुकं, मधला डोंगर, पुढची झाडी असं पातळाकडून घट्टाकडे या. धुक्यासाठी तर ही हवा वरदान आहे, घरी पंख्याखाली तशी विरलेली कड मिळत नाही. ओला रंग वाळल्यावर साधारण एक टोन फिका होतो. पावसात तो वाळलेला दिसतच नाही, म्हणून थोडा जास्त गडद लावण्याची छाती करा.

याच्या उलट एप्रिल-मे. तेव्हा वॉश मिनिटभरात सुकतो आणि मध्येच कड धरतो. कागदाची मागची बाजूही भिजवा, फवारणीची छोटी बाटली ठेवा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाका. जास्त टाकलंत तर कागद चिकट राहतो.

कागद कोल्ड प्रेस (थोडा खरबरीत), शंभर टक्के कापसाचा, ३०० जीएसएम म्हणजे जाड. आकार ७.५ बाय ११ इंच, म्हणजे २२ बाय ३० च्या पूर्ण कागदाचा आठवा भाग. यापेक्षा मोठा कागद वाऱ्यात सांभाळता येत नाही. मागे आधाराला लाकडी किंवा एमडीएफचा बोर्ड नेऊ नका, एमडीएफ ओलीने फुगतो. सनपॅकची (पोकळ प्लास्टिकची) शीट कापून घ्या, हलकी आणि पाण्याला न जुमानणारी. मास्किंग टेप ओल्या हवेत सुटते, चार बुलडॉग क्लिप लावा. ब्रश १२ आणि ८ नंबरचे गोल, एक इंची चपटा आणि बारीक रेघांसाठी रिगर, बास. पेनाची शाई वॉटरप्रूफ आहे ना ते घरी तपासा. भुरभुर पाऊस असेल तर तेलखडू: पांढऱ्या तेलखडूने पाण्याची धार आखून वरून रंग फिरवला की तो भाग कोरा राहतो आणि ओल्या कागदावरही जमतं. छत्री काळी किंवा करडी. निळ्या-लाल छत्रीखाली कागदावर तोच रंग सांडतो आणि मिश्रणं चुकतात. ऊन असेल तर कागद सावलीत धरा. उन्हात पांढरा कागद झगझगतो, आपण भीतीने रंग गडद करत जातो आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी लोक स्वतःच्या हाताला दोष देतात. कागदाच्या पृष्ठभागावर जिलेटीनचं किंवा तशाच पदार्थाचं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, असतो. पावसाळ्यात कागद उघडा पडला की त्याला बुरशी लागते, डोळ्याला दिसत नाही, पण रंग लावल्यावर कागद टिपकागदासारखा तो पितो आणि ठिकठिकाणी गडद ठिपके उमटतात. त्यावर उपाय नाही, तो कागद रेखाटनाला वापरा. जूनच्या आधी कागद झिपलॉक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून ठेवा आणि ट्रेकला निघताना लागतील तेवढेच काढा.

जागेवरच्या सावधगिरीचंही बोलायला हवं. चित्रकाराला दोन पावलं मागे जाऊन चित्र बघायची खोड असते. कड्याच्या धारेजवळ ही खोड जिवावर बेतेल. नेहमी बसून रंगवा, पाठीशी दगड असू द्या, धारेपासून लांब. वाऱ्यात उघडी छत्री माणसाला ओढते, तेव्हा ती बॅगेत. कड्यांना आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर, डिओ, धूर यातलं काही नको. बसायच्या आधी दगड काठीने हलवून बघा, खाली फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं. हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याचे त्या वेळचे नियम आधी विचारून घ्या. आणि रंगाचं पाणी टाक्यात किंवा ओढ्यात ओतू नका, गडावरची टाकी लोक प्यायला वापरतात आणि कॅडमियम-कोबाल्टचे रंग विषारी आहेत. एक रिकामी बाटली घाण पाण्यासाठी ठेवा, घरी आणून टाका.

आता घरचं काम. परतल्यावर एक-दोन दिवसांत, फोन न उघडता, त्या जागेचं स्मरणचित्र काढा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर असायचा, तो आपण मार्कांपुरता संपवला. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात लकोक द बोआबोद्राँ नावाचे शिक्षक स्मरणशक्तीवरच सगळं शिक्षण उभं करत, शिल्पकार रोदँ त्यांचाच विद्यार्थी. स्मरणचित्रात डोंगराचा आकार चुकेल, चुकू द्या. काय मोठं झालं आणि काय गळालं ते बघा. जे मोठं झालं तेच तुम्हाला तिथे भिडलं होतं. त्या वहीतल्या वाक्याशी ते जुळतं का, ताडून बघा. जुळत नसेल तर स्मरणचित्राचं ऐका, वाक्य बदला.

मग थंबनेलपैकी एक निवडून ५ बाय ७ इंचात दोन-तीन रंगीत चाचण्या. रंग फक्त ठिपक्यांवरून. त्यातली एक जमली की ११ बाय १५ चा कागद घ्या. फोटो सगळ्यात शेवटी आणि एकाच कामासाठी: सुळक्याचा आकार किंवा घळीचं वळण तपासायला. तोही काळा-पांढरा करून बघा, म्हणजे फोनचा हिरवा डोळ्यांत शिरणार नाही. कोकणकड्याचं आत वळणं दाखवायला पुढच्या धारेवरचं झुडूप उडवावं लागलं तर उडवा. मोरानने अख्खी दरी हलवली, झुडपाचं काय घेऊन बसलात.

या पद्धतीने सुरुवातीला पाच खेपांत एखादंच चित्र हाती लागेल. बाकीच्या नोंदी वाया जात नाहीत. वर्षभराने जुलैतला ओल्या कातळाचा ठिपका ऑक्टोबरमधल्या ठिपक्याशेजारी ठेवलात की दोन ऋतूंमधला फरक तुम्हाला पुस्तकाशिवाय कळतो.

शेवटी लडाख. माझं मत: यंदा नको. नवी जागा डोळे दिपवते, आणि दिपलेला डोळा पुन्हा देखावाच गोळा करतो. फोटो कोकणकड्याऐवजी पँगाँग तलावाचे होतील, अडचण तीच राहील. कोल्हापूरचे आबालाल रहमान मुंबईत शिकून घरी परतले आणि कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ याच जागा वेगवेगळ्या प्रहरी रंगवत राहिले. पायाखालची जागा पुरते, परत जाणं महत्त्वाचं. तुम्ही कोकणकड्याला ऑक्टोबरमध्ये जा, पाऊस गेल्यावरच्या स्वच्छ हवेत. फेब्रुवारीत जा, गवत सोनेरी झालेलं असतं. मेच्या अखेरीस जा, ढग जमायला लागलेले असतात. पावसाळ्यातली धरून चारही खेपांच्या नोंदी एका वहीत ठेवा.

त्यानंतर लडाखला जरूर जा, कारण तिथे तुमचे सगळे सह्याद्री नियम उलटे पडतील आणि ते कळायला आधी नियम हवेत. हवा इतकी कोरडी आणि विरळ की लांबचा डोंगर निळा-धूसर होत नाही, वीस किलोमीटरवरची कडही शेजारच्या दगडाइतकी धारदार दिसते. अंतर दाखवायला आपण जे धुकं वापरतो ते तिथे नाही. मग आकार, एकामागून एक येणाऱ्या कडा आणि उबदार-थंड रंगांचा फरक एवढ्यावरच भागवावं लागतं. रशियन चित्रकार निकोलस रोरिक १९२८ पासून १९४७ मध्ये मृत्यू होईपर्यंत कुलूतल्या नग्गरला राहिला आणि हिमालय टेम्परात, म्हणजे चटकन वाळणाऱ्या अपारदर्शक रंगात, सपाट रंगवत राहिला. त्या हवेतल्या स्वच्छ कडांना ते माध्यम शोभतं. तुम्ही जलरंगासोबत थोडे गुआश (अपारदर्शक जलरंग) न्या, तेच काम करतील. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, पहिले दोन दिवस खिडकीतूनच रेखाटनं करा, शरीराला हवेची सवय होऊ द्या. वॉश मेमधल्या सह्याद्रीपेक्षाही लवकर सुकेल, फवारणीची बाटली विसरू नका. आणि ट्यूब उघडताना तोंड वर धरून हळू उघडा. खालच्या हवेत बंद केलेल्या ट्यूबमध्ये दाब राहतो, टोपण फिरवलं की अल्ट्रामरीन सगळा बोटांवर येतो.